सार्वजनिक ग्रंथालये : कोणाची आणि कोणाच्या पैशावर

मंडळाच्या वाचनालयाची जुनी दप्तरे या वर्षी माळ्यावरून खाली उतरविली. छपराची दुरुस्ती करावयाची होती, हेच त्याचे खरे कारण. इतिहाससंशोधनाचा हेतू आमच्या मनात मुळीच नव्हता. परंतु धूळ झटकता झटकता एक लाकडी पाटी हाती लागली. तीवरील अक्षरे अर्धवट पुसलेली असली तरी वाचता येत होती : "फक्त ज्ञातिबांधवांकरिता". ही पाटी आमच्या लहानपणी दारावर असल्याचे आम्हांस अंधुक स्मरते. ती केव्हा उतरली, कोणी उतरविली आणि कशासाठी उतरविली, हे सांगावयाचे तर एकट्या आपल्या वाचनालयाची हकीकत पुरत नाही. साऱ्या महाराष्ट्रातील ग्रंथालयांचा इतिहास थोडाबहुत उलगडावा लागतो. स्मरणिकेच्या संपादकांनी त्यासाठी पाने दिली आहेत, सबब हा लेख.

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांची वंशावळ बहुधा रत्नागिरीपासून सांगितली जाते. तेथील नगर वाचनालयाचा आरंभ १८२८ सालचा. त्यामागून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०, सोलापूर १८५३, कल्याण १८६४, अशी ही मालिका चालू राहते. यांपैकी कित्येकांचे मूळ नाव 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असे होते, आणि त्या नावातच त्यांचा स्वभाव उमटलेला आहे. ही ग्रंथालये इंग्रज अधिकाऱ्यांच्या प्रोत्साहनाने, नव्या विद्येची चव लागलेल्या एतद्देशीय गृहस्थांनी वर्गणी गोळा करून उभारली. पुण्यास लोकहितवादींसारखा विचारवंत या कार्यात अग्रभागी होता. हे ऋण आपण कधीही विसरता कामा नये. तथापि 'जनरल' या शब्दाचा अर्थ त्या काळी फार मर्यादित होता. मासिक वर्गणी, अनामत रक्कम आणि ओळखीच्या सभासदाची शिफारस, एवढे सोपस्कार ज्यास जमतील तोच आत येणार. कपाटांत इंग्रजी पुस्तकांचा भरणा अधिक असे. वकील, मुनसफ, शिरस्तेदार, पेन्शनर आणि एखाददुसरा हौशी व्यापारी, अशी सभासदांची यादी असावयाची. त्या यादीत सुई-कात्रीवर पोट भरणारा कोणी असेल, असे आम्हांस वाटत नाही. महार-मांगांची तर गोष्टच नको; ज्या काळी पाणवठ्यावर त्यांची सावली चालत नव्हती, त्या काळी वाचनमंदिराच्या बैठकीवर त्यांस कोण बसू देणार होते?

इंग्रजी पुस्तकांच्या गर्दीत मराठी ग्रंथांस स्वतःचे घर नव्हते. ते मिळाले ठाण्यास १ जून १८९३ रोजी. 'महाराष्ट्र सारस्वत' हा वाङ्मयेतिहास लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे हे तेथील मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संस्थापकांपैकी होत. पाच वर्षांनी, १८९८ साली, मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. येथून पुढे ग्रंथालय म्हणजे साहेबी थाटाची खोली ही कल्पना मागे पडू लागली.

मग आपल्या समाजात वाचन नव्हतेच की काय? असे म्हणणे मात्र खोटेपणाचे होईल. ज्या कुळात श्रीसंत नामदेव जन्मले त्या शिंपी समाजात पोथी नव्हती असे घर विरळा. शिवाय शिंप्याचे दुकान हेच गावचे एक वाचनालय होते, हे आम्ही वडीलधाऱ्यांकडून कितीदा तरी ऐकले आहे. शिंप्याचे हात गुंतलेले, पण कान मोकळे! १८८१ साली 'केसरी' निघाला आणि पुढे खेड्यापाड्यांतून तो जाऊ लागला, तेव्हा दुकानात शाळेतला एखादा चुणचुणीत पोर ओट्यावर बसून अंक मोठ्याने वाची. आत कोणी कापड बेतीत असे, कोणी काजे करीत असे, बाहेर शेतकरी गिऱ्हाईक सदऱ्याच्या निमित्ताने अर्धा प्रहर रेंगाळे. अंक एक, वाचणारा एक, ऐकणारे वीस. साक्षरतेच्या आकड्यांत या वीसांची कोठेही नोंद नाही. तसेच त्या पोराने वाचावयाचे सोडून दिले म्हणजे वीसही जण बातमीस मुकत, हेही तितकेच खरे. ऐकीव विद्येस दुसऱ्याच्या तोंडाचा आधार लागतो.

ही उणीव ज्या राजाने ओळखली तो आपल्यातूनच वर गेलेला होता. सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मले. १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले तेव्हा त्यांस अक्षरओळखही नव्हती. बाराव्या-तेराव्या वर्षी धुळाक्षरे गिरविलेल्या माणसास निरक्षरता म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. परंतु थोड्याच काळात ध्यानात आले की, चौथी होऊन शाळेबाहेर पडलेला मुलगा वाचावयास काही न मिळाल्यामुळे चार-पाच वर्षांत पुन्हा अंगठ्यावर येतो. शाळेवर केलेला खर्च अशा रीतीने वाया जाऊ द्यावयाचा नसेल तर गावोगाव ग्रंथालय पाहिजे, हा त्यातून निघालेला सरळ हिशोब होय. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून आणले. ते सुमारे तीन वर्षे बडोद्यास राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय, स्त्रियांचा व मुलांचा निराळा विभाग, पुस्तके भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव धाडणारी फिरती ग्रंथालये, हे सर्व तेथे तेव्हा सुरू झाले. मुख्य कल्पकता पैशाच्या व्यवस्थेत होती. गावकऱ्यांनी ठराविक रक्कम जमवावयाची, तितकीच प्रांत पंचायतीने घालावयाची आणि तितकीच संस्थानाने. एक तृतीयांश भार आपला, म्हणून ग्रंथालय आपले. दोन तृतीयांश बाहेरचा, म्हणून ते श्रीमंत गावापुरते उरत नाही. आज अनुदानाच्या नियमांची जी जंत्री आपल्या चिटणिसांस पाठ असते, तिच्यातील उत्तम तो भाग या बडोद्याच्या कल्पनेशी नाते सांगतो असे आमचे मत आहे.

कोल्हापूरकडेही वळले पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांकरिता वसतिगृहांस उत्तेजन दिले. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचे पाऊल उचलले. आपल्यासारखी ज्ञातिमंडळे, त्यांची वसतिगृहे, त्यांच्या शिष्यवृत्त्या आणि त्यांची वाचनालये ही पुष्कळशी त्या वातावरणाची लेकरे आहेत. ज्यांस कोठेच जागा नव्हती त्यांनी आपापली जागा करून घ्यावी, असा त्या काळचा व्यवहार होता आणि तो त्या वेळी योग्यही होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या बरोबरीने ग्रंथालये काढणे हेही होते. फरक इतकाच की, त्यांच्या लोकांस दुसरा दरवाजाच नव्हता. आपल्या लोकांस वर्गणी भरून नगर वाचनालयात जाता येत होते, जरी पुष्कळांस ते परवडत नव्हते. याच कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. हिंदुस्थानातील तो पहिला ग्रंथालय कायदा म्हणून सांगितला जातो. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि तो कायदा इतिहासजमा झाला. त्याची फळे पाहण्यास फारसा अवधी मिळाला नाही.

ब्रिटिश मुलुखात या कामी सरकारचे लक्ष गेले ते बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या वेळी. १९३९ साली प्रौढ साक्षरतेची मोहीम मुंबईत जोरात सुरू झाली होती. आणि त्याच साली कायदेपंडित आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकासाकरिता समिती नेमली गेली. १९४० साली तिचा अहवाल आला. मुंबईस मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली विभागीय, जिल्हा, तालुका आणि शेवटी खेड्यातील ग्रंथालय, अशी उतरंड समितीने सुचविली. नव्या इमारती बांधण्यापेक्षा लोकांनी काढलेली जी ग्रंथालये आधीच उभी आहेत त्यांसच मान्यता व अनुदान द्यावे, हे तिचे धोरण होते. पण अहवाल हाती येण्यापूर्वीच, १९३९ च्या अखेरीस, महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिलेला होता. अहवाल कपाटात पडला. १९४६ साली खेर पुन्हा अधिकारावर आले आणि १९४७ पासून योजना अंमलात येऊ लागली. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीच्या आश्रयाने सुरू झाले. आपल्या वाचनालयाच्या दप्तरात त्या सुमारास सरकारास पाठविलेल्या अर्जाची नक्कल आहे. उत्तराचा कागद नाही. पाटी दारावर असेपर्यंत उत्तर अनुकूल येणे शक्यही नव्हते, हे आज समजते.

मराठवाडा व विदर्भ यांची कथा निराळी. निजामी राज्यात मराठी शाळा तुरळक आणि सभाबंदी कडक. तेथे वाचनालय म्हणजे केवळ पुस्तकांची खोली नव्हती, चार माणसांनी एकत्र बसण्याची ती एक सवलत होती. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे. अशा ठिकाणी वृत्तपत्र उघडणे हेदेखील राजकारणच होते. १९५५ साली हैदराबाद राज्याने ग्रंथालय कायदा केला, पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा तो कायदा घेऊनच मुंबई राज्यात आला. विदर्भ आला तो मध्य प्रदेशातील नियम घेऊन. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा एका राज्यात ग्रंथालयांचे तीन प्रकारचे कारभार चालू होते!

ते एक करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून अंमलात आला. या कायद्याचा एक विशेष ज्ञातिबांधवांनी नीट समजून घ्यावा. मद्रास राज्याने डॉ. रंगनाथन यांच्या प्रेरणेने १९४८ साली कायदा केला होता, त्यात घरपट्टीवर अल्पसा ग्रंथालय उपकर बसविलेला होता. उपकराचा पैसा हक्काचा असतो. अर्थमंत्र्याच्या मर्जीवर तो अवलंबून नसतो. महाराष्ट्राने उपकर घातला नाही. त्याऐवजी शासनाने दर वर्षी किमान पंचवीस लाख रुपये ग्रंथालय निधीस द्यावेत असे ठरविले. राज्य ग्रंथालय परिषद, ग्रंथालय संचालनालय, आणि १९७० च्या नियमांप्रमाणे ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग, ही पुढची रचना. ग्रंथसंख्या, सभासद, वृत्तपत्रे, उघडे राहण्याचे तास हे पाहून वर्ग ठरतो आणि वर्ग पाहून परिरक्षण अनुदान ठरते. ग्रंथालय चालविणारी मात्र सर्वत्र लोकांचीच संस्था.

पंचवीस लाख हा आकडा त्या काळी कानास मोठा वाटला असेल. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर होती. म्हणजे माणशी पाच पैसे झाले. किमान रकमेवर सरकार थांबले नाही हे खरे, पण पाया तेवढाच घातला गेला. उपकर नसल्यामुळे लोकांस कराचा जाच झाला नाही, आणि त्याच कारणाने ग्रंथालय मागावयाचा हक्कही झाला नाही. जे गाव उत्साही, जेथे चार शिकलेले व दोन सधन, तेथे ग्रंथालय; जे गाव दरिद्री, तेथे अर्ज करावयासच कोणी नाही. मद्रासी पद्धत आणली असती तर लोकांची आपुलकी आटून सरकारी खाते तेवढे उरले असते, असे काही जाणते लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे. तरीही आम्हांस वाटते की, महाराष्ट्राने लोकांच्या हौसेवर जरा अधिकच विसंबून राहण्याची चूक केली.

साक्षरतेच्या बाबतीत मात्र लोकांच्या हौसेने काय होऊ शकते हे आपल्या सातारा जिल्ह्यानेच दाखविले. १९५९ साली येथे ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. चौदा ते पन्नास वयाच्या प्रत्येक निरक्षर स्त्री-पुरुषास वाचता-लिहिता यावे हा तिचा संकल्प. रात्री कंदिलाच्या उजेडात देवळात, चावडीत, कोणाच्या पडवीत वर्ग भरत. शिकविणारे गावचेच शिक्षक आणि वरच्या इयत्तेतील मुले, तीही बिनपगारी. सारे गाव साक्षर झाले की ग्रामदैवतासमोर शपथ होई आणि ग्रामगौरव समारंभ थाटात होई. आमच्या मातोश्री अशाच एका वर्गात बसल्या. त्यांना स्वतःचे नाव लिहिता आले त्या दिवशी त्यांनी ते पिठाच्या डब्यावर खडूने लिहिले होते. १९६१ पासून ही मोहीम राज्यभर गेली. १९५१ साली महाराष्ट्रात शेकडा २८ साक्षर होते, १९६१ साली ३५, १९७१ साली जवळजवळ ४६. तथापि बडोद्यास जे दिसून आले तेच येथेही आले. समारंभ आटोपला, हार सुकले, आणि पुस्तक जवळ नसलेला नवसाक्षर हळूहळू अक्षरे विसरू लागला. फिरत्या पेट्या पाठविण्याचे प्रयत्न झाले, परंतु पेटी एकदाच येऊन भागत नाही. आमच्या मातोश्रींस शेवटपर्यंत वाचता येत होते, याचे कारण आम्ही त्यांस दर पंधरवड्यास वाचनालयातून पुस्तक आणून देत होतो. शेजारच्या वस्तीतील त्यांच्याच वर्गातल्या बाया विसरल्या. त्यांच्या घरी पुस्तक आणून देणारे कोणी नव्हते, आणि आपल्या दारावर ती पाटी होती.

आता ती पाटी. १९७१ सालच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त आमच्यापुढे आहे. अनुदानासाठी मान्यता मागावयाची तर वाचनालय जात, धर्म, पंथ न पाहता सर्वांस खुले असले पाहिजे, ही अट चिटणिसांनी सभेपुढे ठेविली. चर्चा रात्री साडेअकरापर्यंत चालली असे नमूद आहे. पुस्तके आपल्या लोकांच्या घामाची आहेत, असे एका वृद्ध सभासदांनी म्हटले. दुसऱ्यांनी सुचविले की, अट कागदोपत्री मान्य करावी आणि पुढे पाहून घ्यावे. हे वाक्य इतिवृत्तात लिहून मग खोडलेले आहे, तरी वाचता येते. अखेर ठराव अकरा विरुद्ध सात मतांनी संमत झाला आणि दोघांनी कार्यकारिणी सोडली. आम्हांस प्रांजळपणे लिहिले पाहिजे की, दार उघडले ते समतेच्या विचाराने नव्हे, अनुदानाच्या गरजेने उघडले. संतश्रेष्ठ चोखोबांस आपल्या नामदेवरायांनी जवळ केले हे आपण दर कीर्तनात ऐकतो. त्यांच्या मागल्यांच्या वाचनालयास मात्र त्यासाठी सरकारी नियम लागला. तिसऱ्या वर्षीच्या सभासद-नोंदवहीत वस्तीतील नऊ नावे आहेत. त्यांपैकी एक पुढे शिक्षक झाले आणि निवृत्तीनंतर सहा वर्षे याच वाचनालयाचे ग्रंथपाल होते. त्यांना मिळणारे मानधन सांगावयास आम्हांस संकोच होतो.

मानधनाचा हा प्रश्न आपल्यापुरता नाही. राज्यात मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या वाढत वाढत बारा हजारांच्या आसपास गेली. त्यांत केवळ पाटी व शिक्का असलेलीही होती. २०१२ साली शासनाने सर्वांची पडताळणी केली तेव्हा ते उघड झाले आणि प्रामाणिकपणे चालणाऱ्यांसही त्याचा मनस्ताप भोगावा लागला. २०२२ साली अनुदानात शेकडा साठ वाढ झाली. तिचे स्वागत केले पाहिजे. पण मधल्या काळात पुस्तकांच्या व वृत्तपत्रांच्या किमती, वीजबिल आणि भाडे यांनी काय केले हे प्रत्येक चिटणीस जाणतो. हप्ता उशिरा आला म्हणजे दिवाळीत ग्रंथपालास रिकाम्या हाताने घरी धाडण्याची पाळी येते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून १९७२ पासून पुस्तकांचे साहाय्य मिळते, ते उपकारक आहे. पण पुस्तके आली तरी ती देणारा माणूस टिकला पाहिजे.

इकडे २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता शेकडा ८२ वर गेलेली दिसते. मग ग्रंथालयाची गरज उरली काय, असा प्रश्न आपल्याच तरुण सभासदांनी गतवर्षी विचारला. हातातल्या यंत्रात सारे मिळते, असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांस नोंदवही दाखविली. २०२० च्या साथीत दार बंद राहिले, त्यानंतर कादंबऱ्या नेणारे निम्मे परत आलेच नाहीत, हे खरे आहे. परंतु सकाळी सात ते दुपारी एकपर्यंत वाचनकक्षात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी अठ्ठावीस मुले-मुली बसतात. त्यांत आपल्या समाजाची पाच आहेत. बहुतेकांच्या घरी एकच खोली आहे, आणि त्या खोलीत दूरदर्शन संच आहे. मुलींची संख्या मुलांहून अधिक आहे; घरातून बाहेर पडून सहा तास निवांत बसता येईल अशी गावात त्यांस दुसरी जागा नाही.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे जो विषय आहे तो सभासदांस पत्रकाने कळविलेलाच आहे. वाचनकक्ष पाडून तेथे लग्नकार्यासाठी सभागृह करावे, भाड्याचे उत्पन्न मंडळास होईल आणि पुस्तके वरच्या लहान खोलीत हलवावीत, अशी सूचना आहे. उत्पन्नाचा अंदाज सूचकांनी जोडला आहे व तो फुगविलेला आहे असे आम्ही म्हणत नाही. वरच्या खोलीत दहाच माणसे बसू शकतात. अठरा मुलांस उठावे लागेल. कोणती अठरा, हे ठरविण्याची वेळ आली तर "पुस्तके आपल्या लोकांच्या घामाची" हे १९७१ सालचे वाक्य पुन्हा ऐकू येईल, अशी आम्हांस भीती वाटते. शिवाय जागा कमी झाली तर वर्ग उतरतो, आणि वर्ग उतरला तर अनुदान उतरते. हा हिशोब पत्रकात दिलेला नाही, म्हणून येथे लिहून ठेवीत आहोत.

जुनी दप्तरे आता ग्रंथपालांच्या मेजाशेजारील कपाटात लावून ठेविली आहेत. १९७१ चे इतिवृत्त आणि ती लाकडी पाटीही तेथेच आहे. सभेपूर्वी ज्या कोणास ती पाहावयाची असतील त्याने सोमवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी सातनंतर यावे; मुले अभ्यासास बसलेली असतात, तेवढे आवाज न करण्याचे पथ्य पाळावे.